पाचोळा आणि हिरवळ

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानास उभा राहिला की, तो किमान वेतन, बोनस आणि ठेकेदारी यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बागेवर बोलणार आहोत, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झाले. आता उद्याने झाडणाऱ्या बायका, झाडांना पाणी देणारे मजूर आणि रोजंदारीवरचे माळी हेच आमचे सभासद आहेत. त्यांच्या कामाचा प्रश्न समजून घ्यावयाचा, तर माती, पाणी आणि गवत यांचा प्रश्नही समजून घ्यावा लागतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. पुस्तकात वाचलेले आम्ही माळ्यांकडून पडताळून घेतले, आणि माळ्यांनी सांगितलेले पुस्तकांत शोधले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नांदेड-लातूरसारख्या उन्हाच्या मुलखात उघडी जमीन ही पाण्याची गळकी घागर आहे. ती झाकली पाहिजे. जिथे माणसे बसतात, मुले खेळतात, तिथे हिरवळीने झाकावी. बाकी सगळीकडे, म्हणजे वाफ्यांत आणि झाडांखाली, पालापाचोळ्याने झाकावी. आपण मात्र नेमके उलटे करतो. झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतो आणि शोभेसाठी गवताला पाणी पाजतो.

उघड्या जमिनीचे काय होते ते प्रथम पाहू. आपली जमीन बहुतांशी काळी, कापसाची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात. काही भेगांत हात कोपरापर्यंत जातो. ऊन आणि वारा या भेगांतून आत शिरतात आणि खालची ओल वर ओढून घेतात. शिवाय मातीच्या कणांमधील बारीक फटींतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढत राहते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. संध्याकाळी आपण मोगऱ्याच्या आळ्यात दोन बादल्या पाणी ओततो, त्यातले मोगऱ्याच्या वाट्याला किती येते आणि आकाशाच्या वाट्याला किती जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आपल्या शेतकऱ्यांनी तो हिशेब फार पूर्वीच ठेवला होता. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? कोळप्याने वरची दोन बोटे माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात, खालून वर चढणारी वात तुटते आणि ओल आत राहते. म्हणजे मातीचेच मातीवर पांघरूण घातले जाते. पालापाचोळ्याचे आच्छादन हे त्याच विद्येचे पुढचे पाऊल आहे. ती कोणा परदेशी माणसाने आणून दिलेली नवी गोष्ट नव्हे. अर्धापूरच्या बाजूला केळीच्या बागांत कापलेली पाने बागेतच अंथरणारे शेतकरी आहेत. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरणारेही आता पुष्कळ झाले आहेत. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना आणि शहरातल्या हौशी बागवानांनाही हेच शिकविले की, पाचोळा म्हणजे कचरा नव्हे, ती होऊ घातलेली माती आहे.

आच्छादनाने चार कामे होतात. पहिले, ऊन थेट मातीवर पडत नाही, त्यामुळे ओल टिकते आणि पाण्याची पाळी लांबते. दुसरे, मुळांजवळची माती तापत नाही. वैशाखातल्या दुपारी अनवाणी चालून पाहिले म्हणजे उघड्या मातीवर आणि झाडाखालच्या पाचोळ्यावर पायाला काय फरक जाणवतो ते कळते. मुळांनाही तोच फरक जाणवतो. तिसरे, प्रकाश न मिळाल्याने तणाचे बी रुजत नाही आणि खुरपणीचे काम कमी होते. चौथे, मृगाच्या पहिल्या सरींचे टपोरे थेंब मातीवर न आपटता पानांवर आपटतात. माती दडपून घट्ट होत नाही आणि वाहूनही जात नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस लातूरला सुमारे ८०० मिलिमीटर, नांदेडला त्याहून काही जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत पडतो. तो मुरविणे हीच खरी कमाई आहे.

याखेरीज पाचवे काम आच्छादनाखालचे जीव करतात. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. १८४२ मध्ये त्याने आपल्या घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरविले होते. २९ वर्षांनी तिथे चर खणून पाहिला, तेव्हा ते तुकडे सात इंच खाली गेलेले आढळले. कोणी ते पुरले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली होती आणि तिच्याखाली ते गाडले गेले होते. एका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळे वर आणतात, असा इंग्लंडच्या पुष्कळ भागांविषयीचा त्याचा अंदाज होता. हा कामगार पगार मागत नाही, संप करीत नाही. मात्र त्याच्याही दोन मागण्या आहेत : डोक्यावर सावली आणि खायला पाला. या दोन मागण्या नाकारल्या की तो मुकाट्याने खोल निघून जातो आणि आपण दुकानातून खताच्या पिशव्या आणीत बसतो.

आता घरच्या बागेत हे करावे कसे? सामानासाठी पैसा लागत नाही. कडुनिंब, पिंपळ, बदाम, गुलमोहोर यांची गळालेली पाने चालतात. लातूरकडे सोयाबीनचा भुसा आणि भुईमुगाची टरफले मिळतात, उसाच्या गावी पाचट मिळते. नांदेडकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या मिळतात. त्या तोडून बारीक केल्या की मोठ्या झाडांच्या आळ्यांत फार दिवस टिकतात. ज्वारीच्या कडब्याला मात्र हात लावू नये. जे जनावराच्या तोंडचे आहे, ते बागेत अंथरणे या दुष्काळी मुलखात शोभत नाही. जनावर खात नाही आणि चुलीतही लागत नाही, तेवढेच बागेचे. बी धरलेले गाजरगवतही टाकू नये, कारण आपण आच्छादन घालीत नसून पेरणीच करीत असतो.

प्रथम वाफ्यातले तण काढावे, माती खुरप्याने हलवावी आणि भरपूर पाणी द्यावे. ओल्या जमिनीवरच पांघरूण घालावे. कोरडी जमीन झाकली तर कोरडेपणाच झाकला जातो. नंतर चार बोटे जाडीचा थर पसरावा. बारीक भुसा असेल तर दोन बोटे पुरे. झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते. आळे खोडाशी लहान न ठेवता फांद्यांची सावली पडते तिथपर्यंत वाढवावे, कारण पाणी शोषणारी मुळे खोडाजवळ नसून दूरवर पसरलेली असतात. पाचोळा वाऱ्याने उडतो अशी तक्रार असते. त्यावर पाणी शिंपडून चार काटक्या ठेवल्या की तो बसतो. हा पाला मातीत मिसळू नये. कच्चा पाला मातीत पुरला म्हणजे तो कुजविणारे सूक्ष्म जंतू मातीतले नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. वरच ठेवला तर तो सावकाश, खालच्या बाजूने मातीत उतरतो.

श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात एक शंका आली असेल. आपल्या आयाबहिणी अंगण सारवून लख्ख ठेवीत, त्या काय अडाणी होत्या? मुळीच नव्हत्या. अंगणात धान्य वाळत घालायचे असे, आणि विंचू-साप लांबून दिसला पाहिजे, हाही त्यात हेतू असे. तो आजही योग्य आहे. म्हणून घराच्या भिंतीपासून तीन-चार हात जागा मोकळी ठेवावी, पाल्याचे ढीग करू नयेत, पातळ सारखा थर ठेवावा, आणि हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. वाळवीचा उपद्रव कोरड्या, जाड काड्यांना अधिक होतो. तिथे ओल राखावी आणि भुसभुशीत पाला वापरावा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी तुंबते, तेव्हा थर पातळ करून पाण्याला वाट द्यावी. पेरलेले बी उगवून येईपर्यंत त्यावर जाड थर नको. एवढी पथ्ये सांभाळली की बाकी काही कठीण नाही.

बाजारात 'मल्चिंग पेपर' या नावाने प्लॅस्टिकचा कागद मिळतो. टरबुजाच्या, मिरचीच्या शेतात तो पुष्कळ दिसतो. ओल राखण्याचे आणि तण दाबण्याचे काम तो चोख करतो. परंतु तो माती होत नाही. हंगाम संपला की त्याच्या चिंध्या बांधावर उरतात. घरच्या चार वाफ्यांसाठी त्याची गरज नाही.

कोणाचा विश्वास बसत नसेल, तर त्याने ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. दोन सारखी आळी घ्यावीत. दोन्हींत एकच बादली पाणी ओतावे. एक झाकावे, एक उघडे ठेवावे. तिसऱ्या दिवशी दोन्हींत बोट खुपसून पाहावे. त्या बोटावरच्या मातीइतका चांगला वक्ता कुठल्याही व्याख्यानमालेत मिळणार नाही.

आता हिरवळीकडे वळू. कातरलेल्या गवताचा गालिचा ही मूळची इंग्लंडची चीज. तिथे उन्हाळा सौम्य, पाऊस बाराही महिने रिमझिम. गवत आपोआप वाढते, ते कापणे एवढाच प्रश्न. पूर्वी विळ्यांनी गवत कापणारे मजूर ज्याला परवडत, त्याच्याच वाड्यापुढे हिरवळ दिसे. पीक न घेता एवढी जमीन मोकळी ठेवता येते, हेच तिचे वैभव. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तो स्ट्राउडजवळच्या भागातला, आणि तो भाग लोकरीच्या गिरण्यांचा. कापडावरची लव सारखी कातरणारे यंत्र गिरणीत असते, ते पाहून त्याला ही युक्ती सुचली. कापडाची लव कातरता येते, तर जमिनीची का नाही? अशी ही हिरवळ गिरणीतून बाहेर आली आणि पुढे छावण्या, बंगले व कचेऱ्यांबरोबर आपल्या देशात स्थिरावली. बी मात्र इंग्लंडचे इथल्या उन्हात टिकेना. तेव्हा शोधाशोध होऊन निवड झाली ती कोणाची? आपल्या हराळीची!

हराळीला मराठवाड्याचा शेतकरी शिव्या देतो. ती एकदा रानात शिरली की नांगरून, वेचून, जाळूनही जात नाही. एक पेर उरले तरी पुन्हा फुटते. तीच दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकी चढते आणि तीच शहरात हिरवळ म्हणून मिरवते. तिचा जो चिवटपणा शेतकऱ्याला छळतो, तोच बागेत आपला आधार आहे. उन्हाळ्यात पाणी तोडले तर ती पिवळी पडते, पण मरत नाही. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत हिरवी होते. हराळी वाळली म्हणजे मेली नव्हे, हे एवढे एक वाक्य जरी बागांच्या अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवले, तरी लाखो लिटर पाणी वाचेल.

हा नुसता बोलण्याचा भाग नाही. हिशेब मांडून पाहू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात गवत हिरवेगार ठेवण्यासाठी दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर गुंठ्याला रोज ५०० लिटर झाले. उन्हाळ्याचे १०० दिवस धरले, तर ५०००० लिटर. आता २०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका वाघिणीत ५०००० लिटर! एक गुंठा हिरवळ एक उन्हाळा हिरवी ठेवावयास मिरजेहून आलेली एक अख्खी वाघीण लागते. १९७२ च्या दुष्काळात विहिरीला पाणी होते पण घरात दाणा नव्हता. २०१६ मध्ये घरात दाणा होता पण पाणी नव्हते, असे जुनी माणसे म्हणतात. ज्या शहराने ते दिवस पाहिले, त्याने हिरवळ लावू नये असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या मुलाला लोळायला मऊ जागा मिळते ती सार्वजनिक बागेतच. पण ती किती लावावी आणि कशी राखावी, हे त्या शहराने विचार करूनच ठरविले पाहिजे.

राखण्याची रीत अशी. हिरवळ पावसाळ्याच्या तोंडी लावावी. काळी माती एकटी चालत नाही. तिच्यात वाळू आणि मुरलेले शेणखत मिसळून, पाणी तुंबणार नाही असा किंचित उतार द्यावा. लव्हाळा गाठींसकट वेचून काढावा. पुढे तो निघत नाही. मग हराळीचे पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर रोवावेत. झाडाच्या गर्द सावलीत लावूच नये. तिथे हराळी विरळ होऊन मरते आणि दरवर्षी पुन्हा लावण्याचा खर्च होतो. ती जागा पाचोळ्याची आहे.

कापताना एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. उन्हाळ्यात गवत थोडे उंच राखावे, म्हणजे ते स्वतःच्याच मुळांवर सावली धरते. मुळापर्यंत भादरलेली हिरवळ दोन दिवस सुंदर दिसते आणि तिसऱ्या दिवशी करपते. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्यावेत, ते गवताचेच खत आहे. गठ्ठे पडले असतील तर तेवढे उचलून वाफ्यांत अंथरावेत. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पण टीचभर खोल ओल जाईल असे, पहाटे द्यावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरवर राहतात आणि एका दिवसाच्या खाड्याने माना टाकतात. माणसांच्या वर्दळीने जमीन घट्ट झाली असेल, तर पावसाआधी पहारीने वीतभर अंतरावर भोके पाडावीत आणि वर वाळू व चाळलेले खत पसरावे. नव्या पात्यांच्या शिरा हिरव्या राहून पाते पिवळे पडत असेल, तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही असे समजावे. अशा वेळी हिराकस पाण्यात अगदी सौम्य विरघळवून फवारतात. युरिया टाकून उपयोग होत नाही. गवताचे पुंजके हाताने उपटून येत असतील, तर खाली हुमणी आहे का ते खणून पाहावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने मुख्य. ही सगळी कामे कोणाचे तरी हात करतात. आमच्याकडे आलेली एक तक्रार सांगतो. जागेचे नाव सांगत नाही, कारण अशा जागा अनेक आहेत. एका बागेत झाडलोट करणारी बाई सकाळी झाडाखाली झाडून गेली. दहा वाजता वारा सुटला आणि पुन्हा पाने पडली. मुकादमाने तिची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. पानगळीच्या दिवसांत कडुनिंबाखालची जमीन पान पडू न देता स्वच्छ ठेवणे माणसाच्या हातचे नाही, तरी दंड तिला. गोळा केलेला पाचोळा संध्याकाळी कोपऱ्यात पेटविण्याचे कामही तिचेच, आणि तो धूरही तिच्याच छातीत. बरे, जळते काय? पानांतले नत्र धुरावाटे जाते, हाती मूठभर राख उरते. मग तीच बाग खताच्या पिशव्या विकत आणते, आणि उघड्या पडलेल्या झाडांना टँकरचे पाणी देते.

कायदाही याच्या बाजूचा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेचा पालापाचोळा वेगळा ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५००० रुपये भरपाईचा आदेश दिला. परंतु काडी ओढणारा हात बाईचा असतो आणि 'आवरून टाक' असे सांगणारे तोंड दुसऱ्याचे असते. नियम मोडल्याची जबाबदारी हातावर नव्हे, तोंडावर यावयास हवी.

त्या बागेत आम्ही मोर्चा नेला नाही. कागदावर हिशेब मांडला : पाचोळा वाहून नेण्याचे तास, पाण्याचे टँकर, खताचा खर्च. मागणी एवढीच केली की, रस्ते आणि बसण्याच्या जागा झाडाव्यात, पण झाडांखालचा पाचोळा आळ्यांतच अंथरावा, उरलेला खड्ड्यात कुजवावा, आणि ते काम झाडलोटीइतकेच काम म्हणून हजेरीपटावर धरावे. हजेरी परत मिळाली. पाचोळ्याची व्यवस्था निम्म्या बागेपुरती मान्य झाली. उरलेल्या निम्म्या बागेत अजून खराटा चालतो.

तो थांबविणे आमच्या संघटनेपेक्षा आपल्या हाती अधिक आहे. कारण मुकादम घाबरतो ते फिरायला येणाऱ्या मंडळींच्या तक्रारीला. 'झाडाखाली पाने पडली आहेत' अशी तक्रार आपण करता, म्हणून ती झाडली जातात. 'मे महिन्यात हिरवळ पिवळी दिसते' असे आपण म्हणता, म्हणून टँकर येतो. स्वच्छता म्हणजे उघडी जमीन नव्हे. बागेत प्लॅस्टिकची पिशवी दिसली तर जरूर तक्रार करा. पान दिसले तर ते आपल्या जागी आहे असे समजा. हे दिवस पानगळीचे आहेत. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा खराटा घेतलेल्या बाईला थांबवून उपदेश करू नका, तिला वरून आलेला हुकूम पाळावा लागतो. ज्याने हुकूम दिला, त्याच्या कचेरीत जाऊन चार ओळींचा अर्ज द्या, आणि घरी परतल्यावर आपल्या मोगऱ्याच्या आळ्यात चार बोटे पाला घाला.